शालेय स्पर्धेचा रोबोट: मुलांचे काम कोणते, मोठ्यांचे कोणते

स्पर्धेचे परिपत्रक शाळेत आले की आपण बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतो, नोंदणीची अंतिम तारीख आणि प्रवेश शुल्क. त्याआधी एक तिसरी गोष्ट शोधून तिच्याखाली पेन्सिलने रेघ मारावी, ती म्हणजे या स्पर्धेत प्रौढ व्यक्तीला नेमके काय करण्याची मुभा आहे. नाशिकच्या सिडकोतील एका शाळेत विज्ञान शिकवताना गेली काही वर्षे मी सहावी ते नववीच्या मुलांचे रोबोट संघ सांभाळते आहे. या काळात झालेली जवळजवळ प्रत्येक कुरबुर, मग ती पालकांची असो, मुलांची असो किंवा परीक्षकांची, शेवटी याच प्रश्नापाशी आलेली मी पाहिली आहे. पुढे जे लिहिले आहे ते नव्याने संघ बांधणाऱ्या शिक्षकांसाठी आणि त्या संघातील मुलांच्या आईवडिलांसाठी आहे.

आधी नियम, मग स्क्रू ड्रायव्हर

सगळ्या स्पर्धा या बाबतीत एका मताच्या नाहीत. व्हेक्स या शालेय रोबोट स्पर्धेच्या नियमांत हे अगदी स्पष्ट लिहिलेले आहे: रोबोटची आखणी, जोडणी आणि प्रोग्रॅम हे सारे विद्यार्थ्यांचे काम असले पाहिजे; प्रौढांनी हत्यार कसे धरावे, गिअरचे गुणोत्तर म्हणजे काय, अशा गोष्टी शिकवाव्यात, सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे, पण रोबोटवरचे काम स्वतः करू नये. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड, जिची आंतरराष्ट्रीय अंतिम फेरी २०१६ मध्ये नवी दिल्लीत झाली होती, तिच्या रोबोमिशन प्रकारात दोन किंवा तीन मुलांचा संघ असतो आणि स्पर्धा सुरू झाली की प्रशिक्षकाला मुलांच्या जागेत जाऊन सूचना देता येत नाहीत. त्यात ऐन दिवशी एखादा अनपेक्षित नियम जाहीर होतो, त्यामुळे घरून कोणीतरी लिहून दिलेला प्रोग्रॅम तिथे पुरा पडत नाही. फर्स्ट लेगो लीगमध्ये रोबोटची फेरी अडीच मिनिटांचीच असते, पण रोबोट असा का बांधला हे परीक्षकांना मुलांनीच समजावून सांगायचे असते.

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचा बाज मात्र वेगळा आहे. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या फर्स्ट या संस्थेची ही स्पर्धा १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी सुरू झाली. तिची मूळ कल्पनाच अशी होती की कंपन्यांतील अभियंते आणि शाळकरी मुले यांनी शेजारी उभे राहून काम करावे आणि त्या सहवासातून मुलांना अभियांत्रिकीची ओढ लागावी. तिथे अभियंत्याने पाना हातात घेतला तर ती लबाडी मानली जात नाही, आणि सामन्याच्या वेळी संघाबरोबर उभा राहणारा प्रशिक्षकही प्रौढ असू शकतो. हा दाखला आपल्याकडचे काही पालक मोठ्या हिरिरीने देतात. त्यांना मी एवढेच सांगते की तो रोबोट पन्नास किलोच्या घरातला असतो आणि आपला बीओ मोटरींवर, म्हणजे छोट्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या मोटरींवर, चालणारा रोबोट बुटाच्या खोक्यात मावतो. त्याला अभियंत्याच्या हाताची गरज पडत नाही, अभियंत्याच्या प्रश्नांची पडते.

जिल्ह्यातल्या आंतरशालेय स्पर्धांचे नियमपत्रक अनेकदा अर्ध्या पानाचे असते आणि त्यात प्रौढांविषयी अवाक्षर नसते. अशा वेळी आयोजकांना लेखी विचारावे, आणि उत्तर येवो न येवो, आपला नियम आपणच ठरवून पहिल्याच पालकसभेत त्यावर सह्या घ्याव्यात. आमचा नियम एका वाक्याचा आहे: स्पर्धेत उतरणाऱ्या रोबोटला मोठ्या माणसाचा हात लागणार नाही, शिकवायचे असेल ते दुसऱ्या तुकड्यावर शिकवायचे.

दुसरा तुकडा म्हणजे काय

सोल्डरिंगचे, म्हणजे कथील वितळवून जोड करण्याचे, उदाहरण घ्या. सातवीतली मुलगी मोटरच्या पत्रीला (वायर जोडायच्या पट्टीला) वायर जोडते आहे आणि कथलाचा गोळा वायरवर बसतो पण पत्रीला धरत नाही. आपल्याला दिसते की तिने पत्री तापवलीच नाही, फक्त कथील वितळवून वरून टाकले आहे. हात शिवशिवतात, “दे इकडे” हे शब्द ओठांवर येतात आणि अर्ध्या मिनिटात जोड पक्का होतो. मात्र त्यानंतर त्या मोटरीची वायर सुटली की मुलगी ती मोटर घेऊन पुन्हा आपल्याकडेच येते. त्याऐवजी प्रयोगशाळेत जुन्या रेडिओची किंवा मोबाइल चार्जरची निकामी पाटी (आतला सर्किट बोर्ड) ठेवावी आणि आपण त्या पाटीवर करून दाखवावे: सोल्डरिंग आयर्नचे टोक आधी पत्री आणि वायर या दोघांना एकदम टेकवायचे, मनात दोन-तीन आकडे मोजायचे, मग कथील टोकाला न लावता तापलेल्या पत्रीला लावायचे, ते आपणहून पसरले की काढून घ्यायचे आणि जोड थंड होईपर्यंत वायर हलवायची नाही. चांगला जोड चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसतो, कच्चा जोड मण्यासारखा गोल दिसतो. तिने त्याच पाटीवर दहा जोड करावेत, दहाही ओढून पाहावेत, आणि मग रोबोटकडे वळावे. यात अर्धा तास जातो हे खरे, पण नंतरच्या दोन महिन्यांत सोल्डरसाठी आपल्याला कोणी हाक मारत नाही.

हाच प्रकार ड्रिलिंगला, हाच सर्किट जोडणीला. आमच्या कपाटात एक जादा चेसिस (रोबोटचा सांगाडा), एक जादा अर्डुइनो (रोबोटचा प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) आणि दोन मोटरी केवळ मोठ्यांसाठी ठेवलेल्या आहेत. त्यांवर लाल टेप चिकटवलेली आहे. काका, मामा, माजी विद्यार्थी, कोणीही आले तरी त्यांचा हात त्या लाल टेपवाल्या सामानावर चालतो. पाहुण्यांना आधी हे थोडे विचित्र वाटते, मग मजा येते.

अंबडहून आलेली चेसिस

नाशिकमध्ये ही अडचण इतर शहरांपेक्षा थोडी अधिकच येते, कारण सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे इथल्या प्रत्येक वर्गात एखाद्या टर्नरचे, फिटरचे नाहीतर सीएनसी ऑपरेटरचे मूल असतेच. आमच्या संघातील एका मुलाच्या वडिलांनी एका सोमवारी अॅल्युमिनियमची चेसिस आणून टेबलावर ठेवली. कडा घासलेल्या, भोके इतकी नेमकी की मोटर नुसती ठेवली तरी बसावी. “मॅडम, पोरांचं पुठ्ठ्याचं काही टिकायचं नाही, म्हणून रात्रपाळीनंतर बसून केलं,” असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद मोडवेना. मुलेही त्या चकाकीवर भाळली. चेसिस लावली, आणि रोबोट वळणावर अडखळू लागला. पत्रा जाड होता, वजन वाढले होते आणि त्या पिवळ्या छोट्या मोटरींना ते झेपत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे सेन्सर पुढे किती अंतरावर लावायचा हे मुलांनी पुठ्ठ्यावर पंधरा दिवस करून ठरवले होते, आणि नव्या चेसिसमध्ये त्या जागी भोकच नव्हते.

मी त्यांना चेसिस परत दिली नाही आणि वापरलीही नाही. पुढच्या शनिवारी कानस, सेंटर पंच आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन तासभर या, अशी विनंती केली. त्या तासात त्यांनी मुलांना एकच गोष्ट शिकवली: ॲक्रिलिकवर किंवा पत्र्यावर भोक पाडण्याआधी स्क्रायबरने फुली आखायची आणि पत्र्यावर सेंटर पंचने ठिपका मारायचा, म्हणजे ड्रिलचे टोक घसरत नाही, ॲक्रिलिकवर मात्र पंच मारायचा नाही, तडा जातो, तिथे आधी बारीक ड्रिलने वाट करायची. मुलांनी आपली चेसिस पाच मिलिमीटरच्या ॲक्रिलिकची केली. एक भोक दीड मिलिमीटरने चुकले ते चुकलेच, मुलांनी ते कानशीने लांबट करून घेतले. परीक्षकांनी नेमके त्या लांबट भोकाविषयी विचारले आणि ज्याने ते घासले होते तोच उत्तर द्यायला पुढे झाला.

पालकांचे कौशल्य बाहेर ठेवा, असे मी म्हणत नाही. ते आपल्या शहराचे भांडवल आहे. फक्त ते वस्तू होऊन शाळेत येऊ नये, शिकवणी होऊन यावे.

मोठ्यांनीच करायची कामे

काही कामांत मुलांना हात लावू देणे हा स्वावलंबनाचा धडा नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. २३० व्होल्टच्या घरगुती विजेशी संबंधित कोणतीही जोडणी, ग्राइंडर किंवा पॉवर कटरवरचे काम आणि लिथियम बॅटरीच्या चार्जिंगवरची देखरेख प्रौढांनी करावी. १८६५० या प्रकारचा लिथियम सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट दाखवतो. खिशात नाण्यांसोबत किंवा डब्यात सुट्या स्क्रूंसोबत टाकलेला असा सेल शॉर्ट होऊन कापड जाळू शकतो, म्हणून सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवण्याची सक्ती असावी. सोल्डरिंग मुलांनी करावे, पण चष्मा लावून, खिडकी उघडून, आणि ६०/४० कथलात शिसे असल्यामुळे काम संपल्यावर साबणाने हात धुऊन. पैसे, प्रवास, परवानगीपत्रे आणि डबे ही कामे मोठ्यांची आहेत हे सांगायला नकोच.

वयाप्रमाणे सीमारेषा सरकते. सहावीच्या मुलाने पुठ्ठ्यावर आखलेला आकार ॲक्रिलिकमधून मोठ्याने कापून दिला तर त्यात गैर नाही, कारण आखणी मुलाची आहे. नववीच्या संघाने मात्र कापण्यासाठी दुकान शोधणे, भाव विचारणे आणि माप लिहून देणे हेही स्वतःच करावे. अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार दुकानातून वायपरची मोटर घासाघीस करून आणणारी मुले मी पाहिली आहेत; मी दुकानाबाहेर उभी होते, बोलत ती होती.

आणखी एक काम मोठ्यांचेच आहे, आणि ते बरेचदा राहून जाते. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा, असलेल्या शाळांना उभारणीसाठी १० लाख आणि पुढील खर्चासाठी १० लाख असे २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळते आणि सहावी ते बारावीच्या मुलांनी ते सामान वापरावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात डेडस्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीच्या, धाकाने सेन्सर कपाटात कुलूपबंद राहतात, कारण तुटलेल्या वस्तूचा जाब कोणी द्यायचा हा प्रश्न असतो. ज्या शाळेत मुलांच्या हाताला सामान लागत नाही तिथे स्पर्धेच्या आधी ते काम आपोआप मोठ्यांच्या हातात जाते. म्हणून खराब होणाऱ्या सुट्या भागांची नोंद खर्च होणारे साहित्य म्हणून वेगळ्या वहीत करण्याची मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी वर्षाच्या आरंभीच घ्यावी. हे काम रुक्ष आहे, तरी संघाला त्याचा जितका उपयोग होतो तितका कोणत्याही किटचा होत नाही.

प्रश्न विचारण्याची रीत

हात मागे बांधले म्हणजे तोंडही बंद ठेवायचे, असा काही शिक्षकांचा समज होतो. मुलांना एकटे सोडून चहाला जाणे हेही मार्गदर्शन नव्हे. समजा, रोबोट सुरू होताच थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. मुले कोडमध्ये चूक शोधत बसली आहेत. आपल्याला ठाऊक आहे की त्यांनी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली आहे, तिच्यातून मोटरींना लागणारा करंट निघत नाही, मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळते आणि अर्डुइनो रीसेट होते. उत्तर सांगून टाकू नये, पण मल्टीमीटर त्यांच्या हाती द्यावा आणि विचारावे, “मोटर बंद असताना बॅटरीवर किती व्होल्ट आहेत? आणि चालू असताना?” दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की आठवीतल्या मुलाला पुढचे सुचते. नाही सुचले तर दुसऱ्या दिवशी ओहमचा नियम फळ्यावर घ्यावा, रोबोटपासून दूर. मुलांना एखाद-दोन तास चुकू द्यावे. तीन दिवस चुकत ठेवले तर ती नाउमेद होतात आणि घरी जाऊन मामाला फोन करतात.

कोडच्या बाबतीत मोठ्यांची लुडबूड सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त होते, कारण कोडवर कोणाच्या हाताचे ठसे राहत नाहीत. ताईने लिहून दिलेला, व्हिडिओतून उतरवलेला, खासगी वर्गातून पेनड्राइव्हमध्ये आलेला आणि हल्ली एआयला विचारून घेतलेला, असे सगळे कोड एकाच कसोटीला लावावेत. मुलासमोर कोडमधली कोणतीही एक ओळ पुसावी आणि रोबोट आता काय करील हे आधी वहीत लिहायला सांगावे, मग चालवून पाहावे. भाकीत बरोबर आले तर कोड त्याचा झाला, मग तो मुळात कुठूनही आलेला असो. चुकले तर ती ओळ त्याची नाही आणि ती त्याला समजेपर्यंत स्पर्धेच्या रोबोटमध्ये राहणार नाही. तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले कोडचे तुकडे, वापरायला माझी हरकत नसते. बाजारातून नटबोल्ट आणतो तशीच ती आहे.

या कसोटीचे मोल मला एका स्पर्धेत दुपारी तीन वाजता कळले. रेषेमागे चालणारा आमचा रोबोट सकाळी व्यवस्थित धावला होता. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट स्पर्धेची रेषा असलेल्या फ्लेक्सवर आला आणि त्या पट्ट्यात शिरताच रोबोट सरळ निघून जाऊ लागला. इन्फ्रारेड सेन्सरचा आकडा आमच्या रोबोटवर पांढऱ्यावर साठच्या आसपास आणि काळ्या टेपवर आठशेच्या आसपास येई, म्हणून कोड लिहिणाऱ्या मुलीने काळे-पांढरे ओळखायची मधली सीमा चारशे तीस ठेवली होती. उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात, त्यामुळे काळ्यावरचा आकडा तीनशेवर उतरला आणि रोबोटला सगळीकडे पांढरेच दिसू लागले. मी मोठ्यांना अडवणाऱ्या दोरीच्या अलीकडे उभी होते. कारण मला कळले होते आणि बोलायची परवानगी नव्हती. तिने लॅपटॉप जोडला, उन्हातले आणि सावलीतले आकडे वाचले, मग काळ्या कार्डशीटची दोन बोटे रुंद पट्टी कापून सेन्सरभोवती झालरीसारखी चिकटवली. आकडा पुन्हा सातशेच्या पुढे गेला. शेजारच्या संघाचा रोबोट आमच्यापेक्षा देखणा होता आणि त्यालाही हाच पट्टा आडवा आला. त्यांची मुले दोरीपलीकडच्या सरांकडे पाहत राहिली. त्या मुलांचा मला राग आला नाही, वाईट वाटले. त्यांना तो चारशेचा किंवा पाचशेचा आकडा कुठून आला हेच कोणी सांगितले नव्हते.

वही आणि शेवटचे आठ दिवस

संघाची एक फुलस्केप वही असावी. तारीख, काम कोणी केले, काय बिघडले, काय बदलले, एवढेच तिच्यात असावे. मराठी माध्यमाच्या मुलांनी ती मराठीत लिहावी. कॅपॅसिटर मराठीत लिहिल्याने त्याची क्षमता कमी होत नाही. पालकांनी वही वाचावी, तिच्यात लिहू नये, अक्षरसुद्धा सुधारू नये. मोठ्यांची मदत घेतली असेल तर तीही प्रामाणिकपणे नोंदवावी: “ॲक्रिलिक कापायला काकांनी मदत केली, आखणी आमची.” परीक्षकांना ही ओळ दाखवायला मुलांनी कचरू नये. भाषणाच्या सरावात मोठ्यांनी परीक्षक होऊन आडवेतिडवे प्रश्न विचारावेत. उत्तरे लिहून देऊ नयेत, कारण पाठ केलेले वाक्य दुसऱ्याच प्रश्नाला तुटते.

मोठ्यांचा संयम सुटतो तो शेवटच्या आठवड्यात. रोबोट घरी गेला की रात्री अकराला कोणीतरी “फक्त जरा” नीटनेटका करतो आणि सकाळी मुलांना आपल्याच वायरी ओळखू येत नाहीत. म्हणून शेवटचे आठ दिवस रोबोट शाळेतच, कुलपात राहतो, आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे असली तरी संघातले एक मूल हजर असल्याशिवाय कपाट उघडत नाही. मुलांना हवे ते सुटे काम त्यांनी घरी न्यावे: फलक, वहीची स्वच्छ प्रत, बॅटरीच्या डबीवरची नावे.

स्पर्धा पुण्याला किंवा मुंबईला असेल तर प्रवासाच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात. पोहोचल्यावर ते तपासण्याची यादी मुलांनी आपल्या हाताने लिहिलेली असावी आणि आपण ती फक्त मोठ्याने वाचावी. आपल्या पिशवीत पाणी, बिस्किटे, बँडेज, एक्स्टेंशन बोर्ड, परवानगीपत्रे आणि मोबाइलचा चार्जर असावा. स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या पिशवीत असावा. आपल्या पिशवीत असला की तो आपल्या हातात येतो.

निकालानंतर रोबोट शोभेच्या कपाटात जायला निघतो आणि मुख्याध्यापकांना तो तिथेच हवा असतो. एक फोटो तिथे लावावा आणि रोबोट आठवडाभरात सुटा करावा, त्याच मुलांनी, त्याच वहीत नोंद करत: कोणत्या मोटरीचा गिअर घासला, कोणता सेन्सर अजून चांगला आहे, कोणते स्क्रू हरवले. चांगले भाग डब्यांत भरून वर नावे लिहावीत. लांबट भोकाची ती ॲक्रिलिकची चेसिस मात्र आम्ही ठेवून घेतली आहे, लाल टेप लावून. जूनमध्ये सहावीची नवी मुले आली की ड्रिल धरायला शिकताना त्यांना ती हाताळायला मिळते.